घोड्याचे तोंड आणि माणसाचे लोखंड



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले, की श्रोत्यांची अपेक्षा एखाद्या लढाईची, एखाद्या तहाची, निदान एखाद्या किल्ल्याची तरी असते. मी आज ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती जेमतेम वीतभर लांबीची आहे. लगामाच्या दोन वाद्यांच्या मध्ये, घोड्याच्या तोंडात आडवी बसणारी ती लोखंडी कांब. मराठीत तिला कडियाळे असे नाव आहे. पण घोडे गेले तसे तेही नाव मागे पडले, आणि आपण सगळ्याच साजाला सरसकट लगाम म्हणू लागलो.

हा लगाम आपल्या बोलण्यात मात्र पुरेपूर शिरला आहे. खर्चाला लगाम घालावा, जिभेला लगाम घालावा, अमक्याच्या तोंडाला लगाम म्हणून नाहीच. हे सारे वाक्प्रचार ज्याच्या हातात वाद्या आहेत त्याच्या बाजूचे आहेत, हे आपल्या ध्यानात आले असेल. कठोपनिषदातल्या त्या विख्यात रूपकातदेखील शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन हे लगाम आणि इंद्रिये घोडे अशी सगळी वाटणी झाली. पण घोड्याच्या तोंडात काय होते आणि ते त्याला बोचत होते की काय, हा प्रश्न त्यात आला नाही. तिथे त्याचे प्रयोजनही नव्हते. परंतु ज्यांनी प्रत्यक्ष घोडे बाळगले त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडलाच आहे. घोडा मान झटकतो, जबडा वासतो, जीभ कांबीवरून काढून बाहेर लोंबकळत ठेवतो, लोखंड दाढांत धरून उधळतो, किंवा म्होरकी घेऊन माणूस आला की तोंडच वर करून बसतो. अशा घोड्याला आपल्याकडे नाठाळ म्हणून मोकळे होतात. तो नाठाळ आहे की त्याला काही दुखते आहे, हे ठरविण्याचा जो खटाटोप माणसाने सुमारे चार हजार वर्षे केला, त्याचा हा इतिहास आहे.

प्रथम तोंडाकडे पाहू. घोड्याच्या जबड्यात पुढे गवत तोडण्याचे दात असतात आणि मागे ते दळण्याच्या दाढा असतात. या दोहोंच्या मध्ये दोन्ही बाजूंना मोकळी हिरडी आहे. नरांच्या बाबतीत या मोकळ्या जागेत एकेक सुळा उगवतो. घोडीला तो क्वचितच असतो. कडियाळे बसते ते या मोकळ्या जागेत. ही जागा निसर्गाने ठेवली नसती, तर घोड्यावर स्वार होऊन राज्ये मिळविण्याचा उद्योग माणसाला निराळ्याच रीतीने करावा लागला असता. पण मोकळी म्हणजे रिकामी नव्हे. तिथे जीभ आहे, आणि ती चांगली जाडजूड आहे. वर टाळू आहे. आणि खालच्या जबड्याची जी कड तिथे येते तिच्यावर हिरडीचे पातळ आवरण काय ते असते. त्याच्याखाली लगेच हाड. आपल्या नडगीवर एखाद्याने कांब ठेवून दाबावी, तशी ती अवस्था.

घोडा बाजारात आला म्हणजे त्याचे तोंड पाहण्याची चाल जुनी आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथल्या घोडेबाजारात आजही गिऱ्हाईक ओठ वर करून पुढचे दात पाहते आणि त्यावरून वय ठरवून किंमत करते. त्या दातांच्या मागे चार बोटांवर ती हिरडी आहे. तिथे जुना व्रण आहे की नाही, हे पाहणारे गिऱ्हाईक विरळा.

घोडा माणसाळला केव्हा, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. कझाकस्तानातील बोताई या स्थळी इ. स. पूर्व ३५०० च्या सुमाराची घोड्यांची असंख्य हाडे सापडली. त्यांतल्या काही खालच्या दाढांच्या पुढल्या कडेवर झीज दिसली, आणि ती कडियाळ्याची झीज आहे असे एका पक्षाने मांडले. दुसरा पक्ष म्हणतो, ती नैसर्गिक आहे. २०२१ मध्ये प्राचीन हाडांतील आनुवंशिक द्रव्याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने आजच्या पाळीव घोड्याचे मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या मुलखात, इ. स. पूर्व २२०० ते २००० च्या सुमारास दाखविले. त्याच काळात उरल पर्वताच्या पलीकडे सिंताष्टा संस्कृतीच्या थडग्यांत रथ आणि घोडे एकत्र पुरलेले सापडतात. त्यांबरोबर घोड्याच्या गालाशी बसणाऱ्या हाडाच्या आणि शिंगाच्या चकत्या मिळतात. तोंडातला भाग दोरीचा वा कातड्याचा असावा; तो कुजून गेला. चकत्यांच्या आतल्या अंगाला मात्र टोके आहेत. म्हणजे वाद्या ओढल्या की ती ओठांच्या कडांना बोचावीत, अशी योजना अगदी आरंभीच झालेली दिसते. लोखंड यायचे होते, कासेही तोंडात यायचे होते, पण बोचण्याची कल्पना मात्र अगोदर आली.

इथे एक मौजेची गोष्ट सांगून पुढे जातो. तुर्कस्तानात बोगाझकोय येथे हित्ती राजांचे दप्तर सापडले, त्यात किक्कुली नावाच्या मितानी देशच्या अश्वशिक्षकाचा मातीच्या विटांवर लिहिलेला ग्रंथ आहे. इ. स. पूर्व चौदाव्या शतकाच्या आसपासचा. रथाचे घोडे कसे तयार करावे, कोणत्या दिवशी किती पळवावे, किती पाजावे, केव्हा धुवावे, याचा त्यात दिवसवार तपशील आहे. या ग्रंथात फेऱ्यांची मोजणी करताना 'ऐक', 'तेर', 'पंझ', 'सत्त', 'नव' असे शब्द येतात. ते आपल्याला कोणी समजावून देण्याची गरज नाही. आपल्या भाषेच्या पूर्वजांचे शब्द इतक्या दूर पोचले ते घोड्याच्या पाठोपाठ पोचले.

परंतु तोंडाचा विचार करणारा पहिला लेखक, ज्याचा ग्रंथ आपल्याला पूर्ण मिळतो, तो झेनोफन. हा अथेन्सचा गृहस्थ सॉक्रेटिसाचा शिष्य होता. इ. स. पूर्व ४०१ मध्ये इराणी राजपुत्र सायरसच्या भाडोत्री फौजेत तो गेला, आणि राजपुत्र मारला गेल्यावर दहा हजार ग्रीकांना परत आणण्याच्या कामी पुढारी झाला. उतारवयात त्याने अश्वारोहणावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्याच्या आधी सायमन नावाच्या दुसऱ्या अथेन्सकराने या विषयावर लिहिले होते, आणि झेनोफन त्याचा मोठ्या आदराने उल्लेख करतो. तत्त्वज्ञानात झेनोफनची गणना प्लेटोच्या कितीतरी खाली होते. पण घोड्याच्या बाबतीत प्लेटोला कोणी विचारणार नाही!

झेनोफन सांगतो, की घोडा बाळगणाऱ्याने निदान दोन कडियाळी बाळगावी. एक गुळगुळीत, मोठ्या चकत्यांचे. दुसरे खरखरीत, ज्याच्या कांबीवर टोकदार दाते बसवले आहेत असे. या दात्यांच्या नळ्यांना ग्रीक लोक साळूसारख्या काटेरी प्राण्याचे नाव देत. अशी काशाची काटेरी कडियाळी युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत आज पाहावयास मिळतात, आणि ती पाहून अंगावर काटा येतो. पण झेनोफनची युक्ती ऐकण्यासारखी आहे. खरखरीत कडियाळे घोडा दातांत धरू पाहतो, ते त्याला आवडत नाही, तो सोडतो. मग त्याच्या तोंडात गुळगुळीत द्यावे, म्हणजे त्याला हायसे वाटते आणि जे तो काट्यावर शिकला ते गुळगुळीतावर आनंदाने करतो. म्हणजे काटा हे रोजचे साधन नसून ती धड्याची पहिली इयत्ता आहे. आजच्या मनाला ही पहिली इयत्तादेखील मानवणार नाही, आणि मानवू नये. तथापि कडियाळे बदलून पाहावे, ते घोड्याला कसे वाटते हे त्याच्या वागण्यावरून ओळखावे, आणि सौम्याकडे जावे, हा क्रम त्याने घालून दिला हे कबूल केले पाहिजे.

तो आणखी बारकाईत शिरतो. कडियाळे कोणतेही असो, ते लवचीक असावे, ताठ नसावे. ताठ कांब घोडा एका बाजूने धरतो तेव्हा ती सगळीच्या सगळी त्याच्या जबड्यात अडकते, जसा मांस भाजण्याचा गज कुठेही धरला तरी पुरा उचलला जातो. लवचीक कडियाळे साखळीसारखे आहे. जेवढा भाग धराल तेवढाच हाती राहतो, बाकीचा लोंबतो. शिवाय मधल्या सांध्यावर छोट्या कड्या लोंबत्या ठेवाव्या, म्हणजे घोडा जिभेने त्यांच्या मागे लागतो आणि लोखंड जबड्याने आवळण्याचे विसरतो. आजही कोवळ्या शिंगराला पहिले कडियाळे देताना मधोमध खेळण्यासारखे तुकडे लावलेले वापरतात.

आणि सर्वांत मोलाची सूचना त्याने मोतद्दाराला केली आहे. कडियाळे फार वर आवळून बसवू नये. तोंडाला घट्टा पडतो आणि संवेदना जाते. फार खाली सैलही सोडू नये; घोडा ते दातांत धरतो आणि ऐकेनासा होतो. चोवीसशे वर्षे होत आली, या दोन वाक्यांत बदल करावा लागलेला नाही.

झेनोफननंतर अवघ्या काही दशकांनी ग्रीकांनी आपले घोडे पाहिले. अलेक्झांडरच्या आरमाराचा अधिकारी निआर्कस इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखातून निघाला. त्याने लिहिलेला वृत्तांत हरवला, पण एरियनने तो पुढे आपल्या भारतविषयक ग्रंथात उतरून घेतला. त्यात असे आहे, की हिंदुस्थानातले स्वार खोगीर वापरत नाहीत, ग्रीक वा केल्ट तऱ्हेचा लगामही वापरत नाहीत. घोड्याच्या तोंडाभोवती कच्च्या कातड्याचा शिवलेला पट्टा असतो आणि त्याच्या आतल्या अंगाला काशाचे किंवा लोखंडाचे, फारसे तीक्ष्ण नसलेले, काटे असतात. श्रीमंतांचे काटे हस्तिदंती. तोंडात गजासारखी एक कांब असते आणि तिला वाद्या जोडलेल्या असतात. वाद्या ओढल्या की कांब आवरते आणि काटे टोचतात.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. झेनोफनने ज्या गजासारख्या ताठ कांबीला नावे ठेवली, तीच निआर्कसला इकडे दिसली. आणि श्रीमंताच्या घोड्याला हस्तिदंत टोचे, गरिबाच्या घोड्याला लोखंड टोचे. टोचणी दोघांच्याही घोड्यांना होतीच.

शब्दांचा प्रवास तर याहून बोलका आहे. संस्कृतात लगामाच्या दोरीला रश्मि आणि प्रग्रह हे जुने शब्द आहेत. तोंडातल्या लोखंडाला अमरकोश कविका आणि खलीन अशी दोन नावे देतो. यांतला खलीन हा पुष्कळ भाषाशास्त्रज्ञांच्या मते ग्रीक 'खलिनोस' या शब्दाचे संस्कृत रूप आहे, आणि त्याचा ग्रीक अर्थही कडियाळे हाच. म्हणजे ज्या लोकांनी आपल्या घोड्यांच्या तोंडातल्या गजाची टीप करून ठेवली, त्यांचीच वस्तू पुढे आपल्याकडे आली आणि नावासह राहिली. पुढे फारसीतून लगाम आला. अरबांचा 'लिजाम' देखील या इराणी शब्दावरूनच झालेला. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेली अश्ववैद्यकाची परंपरा, नकुलाच्या नावावर असलेला ग्रंथ, जयदत्ताचे अश्ववैद्यक, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा बाराव्या शतकातील मानसोल्लास, यांत घोड्याची लक्षणे, भोवरे, रंग, चाली, आजार यांचा केवढा तरी विस्तार आहे. पागा आणि मोतद्दार हे शब्द तर आपल्या रोजच्या इतिहासवाचनातले. सभासदाने शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था सांगताना पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असल्याचे नमूद केले आहे. घोड्याचा खूर आणि घोड्याचे पाणी यांची जबाबदारी अशी नावानिशी ठरलेली होती.

आता युरोपात जाऊ, कारण लोखंडाचा खरा धुमाकूळ तिकडे झाला. तरफेचे कडियाळे इ. स. पूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास थ्रेस आणि केल्ट मुलखांत दिसू लागते. त्याची करामत सोपी आहे. कांबीच्या दोन टोकांना उभे दांडे. वरच्या टोकाला हनुवटीखालून जाणारी साखळी, खालच्या टोकाला वाद्या. वरचा दांडा एक भाग आणि खालचा दोन भाग धरला, तर हाताने एक किलोची ओढ दिली असता हनुवटीखाली दोन किलोंचा आणि जीभ-हिरडीवर तीन किलोंचा दाब पडतो. खालचा दांडा जितका लांब, तितका हा गुणाकार मोठा. एका हातात ढाल आणि भाला सांभाळून अंगावर चिलखत घालून बसलेल्या सरदाराला हा गुणाकार हवाच होता. मध्ययुगातील दांडे कधीकधी वीत-दीड वीत लांबीचे होते. लंडनमध्ये कडियाळी आणि रिकिबी घडविणाऱ्या कारागिरांचा स्वतंत्र संघ होता. त्याचे नियम १२६१ सालचे आहेत.

१५५० मध्ये नेपल्सच्या फेदेरिको ग्रिसोनेने अश्वारोहणाचे पुस्तक छापले आणि ते युरोपभर गाजले. त्यात नाना तऱ्हेच्या कडियाळ्यांच्या आकृत्या आहेत. कमानीची, गोळ्यांची, चक्रांची, खवल्यांची. या घोड्याची जीभ जाड, त्याला हे. त्याचे ओठ मांसल, त्याला ते. अडेल घोड्याला सरळ करण्यासाठी काठीला जिवंत मांजर बांधून ते त्याच्या मागच्या अंगाला लावावे, असा उपायही त्याने दिला आहे! ग्रिसोनेला निव्वळ क्रूर म्हणून निकालात काढणे मात्र योग्य नव्हे. शिंगराला प्रथम साधे सौम्य कडियाळे द्यावे, असेही तो सांगतो. त्याची चूक निराळी होती. प्रत्येक दोषाला एक नवे लोखंड असते असा भरवसा त्याने वाचकांच्या मनात निर्माण केला. आणि ज्या काळी वैद्यदेखील प्रत्येक लक्षणाला एक काढा देत, त्या काळी तो सहज पटला.

या भरवशाला धक्का दिला तो दोघांनी. फ्रान्सचा प्ल्यूविनेल हा नेपल्सलाच पिन्यातेलीच्या हाताखाली शिकला, आणि पुढे तेराव्या लुईचा शिक्षक झाला. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६२३ मध्ये निघाले. घोड्याला समजावून घ्यावे, मारझोड अगदी शेवटी, असा त्याचा रोख आहे. दुसरा इंग्लंडचा न्यूकॅसल. राजा हरला म्हणून हा उमराव देशोधडीला लागून अँटवर्पला रुबेन्स चित्रकाराच्या घरात भाड्याने राहत होता, आणि कर्जात बुडालेला असतानाही घोडे शिकवीत होता. १६५८ मध्ये त्याचा भव्य ग्रंथ निघाला. त्याने पुढे जे म्हटले त्याचा आशय असा, की लोखंडाच्या तुकड्याने घोडा शहाणा होत असता, तर कडियाळी घडविणारे लोहारच सर्वांत मोठे स्वार ठरले असते. न्यूकॅसल स्वतः काही कोवळ्या मनाचा नव्हता, त्याच्या टाचा कडक होत्या; पण हे त्याला नेमके उमगले होते.

यानंतरचे पाऊल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याला एक ओळही मिळत नाही. व्हिएन्नाच्या स्पॅनिश अश्वशाळेतील माक्स फॉन वाइरोथर याने १८१४ मध्ये एक पुस्तिका काढली. विषय एवढाच, की ठराविक प्रमाणांवरून घोड्याला सर्वांत योग्य असे तरफेचे कडियाळे कसे शोधावे. म्हणजे स्वभावावरून नव्हे, मापावरून. त्याचे विचार पुढे नेले ते ऑस्ट्रियाच्या बादशाही सेवेतील मेजर फ्रान्सिस ड्वायर याने, १८६८ च्या आपल्या पुस्तकात. ड्वायरने तोंड मोजण्याचे एक उपकरणच वर्णिले आहे. तोंडाची रुंदी किती, हिरडीची कड किती उंच, जिभेसाठी किती जागा हवी, हनुवटीखालची खाच नेमकी कुठे येते, हे सारे मोजावे आणि मग लोखंड घडवावे. कांब तोंडापेक्षा रुंद असली तर ती एका बाजूला सरकून साखळी खाचेतून घसरते आणि जबड्याच्या हाडावर बसते. घोडा मान उडवितो, आणि स्वार म्हणतो, याचे तोंड वाईट. बूट शिवणारा जसा पाय मोजतो, तसे हे झाले. इतक्या शतकांत ही साधी गोष्ट कोणाला सुचू नये याचे नवल वाटते. पण त्याचे कारण उघड आहे. बूट चावला तर गिऱ्हाईक परत येऊन भांडते.

असे भांडण घोड्याच्या वतीने करणारे लोक एकोणिसाव्या शतकात निघाले. लंडनच्या श्रीमंतांच्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांची मान सतत ताठ उंच दिसावी म्हणून एक आखूड वादी कडियाळ्यापासून पाठीवरच्या साजाला अडकवून ठेवीत. चढण आली तरी घोड्याला मान खाली घालून जोर लावता येत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. एडवर्ड फ्लॉवर या गृहस्थाने १८७५ मध्ये याविरुद्ध पुस्तिका लिहिली. आणि १८७७ मध्ये ॲना स्यूएल या अपंग, अंथरुणाला खिळलेल्या बाईची 'ब्लॅक ब्यूटी' ही कादंबरी आली, तीत घोडाच आपली कथा सांगतो. ती मुलांची गोष्ट म्हणून आज वाचली जाते. लिहिली गेली होती ती घोडे सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. त्या आखूड वादीची फॅशन हटण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

इथवर सारे अनुमानच होते. बंद तोंडात काय चालते ते कोणी पाहिले नव्हते. १९८४-८५ च्या सुमारास हिलरी क्लेटन या पशुवैद्यक विदुषीने क्ष-किरणांच्या चलच्चित्रांच्या साहाय्याने ते पाहिले. कडियाळे आपल्याला वाटते तसे एका जागी निजून राहत नाही. घोडा जीभ मागे घेतो, फुगवून कांबीवर आणतो, कांब जिभेने उचलून दाढांत नेतो. आणि वाद्यांना ताण आला की ती जिभेत रुतते. ज्याला आपण चाळे म्हणतो ते बहुतेक दाब चुकविण्याचे उपाय आहेत. पुढे २००३ मध्ये जर्मनीतून जी मोजमापे प्रसिद्ध झाली त्यांनी आणखी एक समजूत ढिली केली. जाड कांब सौम्य असते असे पिढ्यान् पिढ्या सांगण्यात येत होते, कारण दाब जास्त जागेवर पसरतो. हिशेब बरोबर, पण तोंडात तेवढी जागाच नसते. जाड कांब जीभ आणि टाळू यांच्यामध्ये कोंबली जाते.

आइसलँडमधली हकीकत तर डोळे उघडणारी आहे. तिथल्या स्पर्धांत जिभेला मोकळीक मिळावी म्हणून मधोमध मोठी कमान असलेले तरफेचे कडियाळे लोकप्रिय झाले. जीभ सुटली खरी. पण जिभेने जो दाब झेलला असता तो सगळा दोन्ही बाजूंच्या हिरडीवर गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत हिरडीच्या जखमांचा त्या कमानीशी स्पष्ट संबंध दिसला, आणि स्पर्धांतून त्या कडियाळ्यावर बंदी आली. दयेपोटी काढलेले साधनही असे उलटू शकते. २०१९ मध्ये फिनलंडमधून आलेला आकडा याहून बोलका आहे. दुडक्या चालीच्या शर्यतीनंतर २६१ घोड्यांची तोंडे तपासली. त्यांतल्या ८४ टक्क्यांच्या तोंडात कडियाळ्याच्या जागी ताज्या जखमा होत्या. बाहेरून रक्त दिसावे असे घोडे अगदी थोडे. मालक खोटे बोलत होते असे नव्हे; त्यांना दिसतच नव्हते.

आणि आपल्याकडे? १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने केला, आणि १९६५ मध्ये भारवाहू जनावरांविषयीचे नियम आले. त्यांत काटेरी कडियाळे, काटेरी पराणी, खिळ्यांचा वा गाठींचा साज वापरण्यास मनाई आहे. निआर्कसने टिपून ठेवलेल्या काट्यांना हिंदुस्थानात कायद्याने मनाई व्हावयास अशी सुमारे तेवीसशे वर्षे लागली. मनाई झाली म्हणजे वस्तू गेली असे मात्र नाही. वरातीच्या घोडीच्या तोंडात आणि टांग्याच्या घोड्याच्या तोंडात प्राणिमित्रांना ती अजून सापडते. वरातीत ढोल वाजतात, फटाके उडतात, वर अननुभवी नवरदेव बसलेला. घोडी बुजेल ही धास्ती खरी असते. त्या धास्तीवर सर्वांत स्वस्त उतारा म्हणून काटा येतो. टांगेवाल्याला वा घोडीवाल्याला दोष देऊन हात झटकणे सोपे आहे. त्याचे पोट त्या घोड्यावर आहे, आणि सौम्य साज कुठे मिळतो, कसा बसवायचा, हे त्याला कोणी दाखविलेले नसते. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर गेल्या. पण माथेरानला मोटारीला मज्जाव आहे आणि घोडे आहेत. तिथे हा प्रश्न रोज सकाळी म्होरकी चढविताना उभा राहतो.

तेव्हा तोंडाने कुरकुर करणाऱ्या घोड्याला कोणते कडियाळे द्यावे, असे कोणी मला विचारले, तर मी लोहाराकडे जाण्याआधी पशुवैद्याकडे जा असे सांगेन. दाढांच्या कडा झिजून धारदार होतात आणि वाद्या ओढल्या की गालाचे मांस त्यांवर घासते. त्या घासून घ्याव्या लागतात. मग तोंडाची रुंदी मोजावी, कांब दोन्ही बाजूंना किंचितच बाहेर राहील अशी घ्यावी, सांध्यांत चामडी चिमटत नाही ना हे बोट फिरवून पाहावे, थंडीच्या पहाटे लोखंड हातात धरून कोमट करावे, आणि एका वेळी एकच बदल करून आठ दिवस थांबावे. काही घोड्यांना कांब मुळीच सोसत नाही. त्यांच्यासाठी नाकावरच्या पट्ट्याने आवरण्याची म्होरकी असते. आणि दाढांच्या अगदी पुढे, वरच्या हिरडीत, काही घोड्यांना हरभऱ्याएवढा एक निरुपयोगी दात असतो. इंग्रज त्याला लांडग्याचा दात म्हणतात. कांब त्याच्यावर आपटत असली, तर कधीकधी तो दात काढून टाकला की जुनेच कडियाळे चालते.